राहनाळ परिसरातील आरोग्य आणि सुरक्षेची साधने : एक विवेचन

जुन्या ठाणे–भिवंडी रस्त्याने कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर आणि पूर्णा मागे पडतात आणि अंजूर फाट्याच्या अलीकडे राहनाळ लागते. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातले हे गाव. येथे ग्रामपंचायत आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे, अंगणवाड्या आहेत, आगरी वस्तीचा जुना गावठाण भाग आहे. शासनाच्या लेखी ते ग्रामीण आहे. रस्त्यावर उभे राहिले तर मात्र डोळ्यांना दिसतात ती पत्र्याची आणि काँक्रीटची गोदामे, कंपाउंडांच्या कमानी, रांगेत थांबलेले कंटेनर आणि पाठीवर खोकी घेऊन चाललेले हमाल.

अशा गावातील आरोग्य व सुरक्षेच्या साधनांचा विचार करताना साधन कशाला म्हणायचे हे आधी ठरवले पाहिजे. सरकारी अहवालांत इमारती, खाटा, वाहने आणि मंजूर पदे मोजतात. ही मोजणी खोटी नसते, पण अपुरी असते. येथे तीन कसोट्या लावल्या आहेत. पहिली, ते साधन ज्या वेळात उपयोगी पडते त्या वेळात पोचते का? दुसरी, पोचल्यावर समोर काय आहे हे त्याला माहीत असते का? तिसरी, ते आले नाही तर जाब कोणाला विचारायचा? या कसोट्यांवर तपासले तर राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ या पट्ट्याची खरी उणीव दिसते. येथे सुविधा माणशी मोजून दिल्या जातात, पण धोका वाढतो तो मालाच्या हिशेबाने. ही दोन मापे कोठेच जुळवलेली नाहीत, आणि पुढचे सारे विवेचन या एका विसंगतीभोवती आहे.

गोदामे इथेच का आली

मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. हद्दीबाहेर, पण मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर माल उतरवला, साठवला आणि लागेल तसा थोडाथोडा आत नेला, तर व्यापाऱ्याचे पैसे अडकून पडत नसत. मुंबई–आग्रा महामार्ग, जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी वाट, दिवा–वसई लोहमार्गावरचे भिवंडी रोड स्थानक आणि भातशेतीची स्वस्त, सपाट जमीन या चारही गोष्टी येथे एकत्र मिळाल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, आणि काहींना वाटले की गोदामेही जातील. घडले उलटे. राज्याराज्यांतली छोटी गोदामे ठेवण्याचे कारण संपल्यामुळे कंपन्यांना मोठी, मध्यवर्ती गोदामे हवी झाली. त्यातच ऑनलाइन खरेदीचा पसारा वाढला.

वाढ कायद्याच्या पुढे धावली. भिवंडी शहराभोवतालच्या पन्नासहून अधिक गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला २००७ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, तेव्हा या पट्ट्यात गोदामांचे जाळे आधीच पसरलेले होते. नियोजन बांधकामाच्या मागून आले. अरुंद आतले रस्ते, दोन गोदामांमध्ये न सोडलेली जागा, पाण्याच्या टाकीविना उभ्या राहिलेल्या इमारती हा त्याचाच परिणाम. नंतर काढलेल्या नोटिशींनी तो पुसला जात नाही.

माणशी मोजलेली साधने

ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचे प्रमाण ठरलेले आहे. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण हजार लोकांमागे एक आशा कार्यकर्ती. भिवंडी तालुक्यात दिवे-अंजूर, कोन, खारबाव, पडघा, दाभाड अशी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. मोठ्या उपचारासाठी भिवंडी शहरातले इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा ठाण्याचे जिल्हा रुग्णालय. शेती करणाऱ्या गावासाठी ही उतरंड बरी आखली आहे. बाळंतपण, लसीकरण, साथीचा ताप, सर्पदंश यांचा विचार त्यात आहे.

पण प्रमाण कोणत्या लोकसंख्येवर काढायचे? जनगणनेत माणूस जेथे राहतो तेथे मोजला जातो. राहनाळच्या गोदामात दिवसभर ओझे वाहणारा मजूर झोपायला भिवंडी शहरातल्या एखाद्या खोलीवर जातो, किंवा गोदामाच्याच माळ्यावर झोपतो आणि मतदार यादीत उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारमधल्या गावी असतो. ट्रकचालक तर कोठेच मोजला जात नाही. दिवसा गावात असलेली माणसे आणि कागदावरची माणसे यांत पडणारे अंतर थेट आशा कार्यकर्तीच्या पायांवर येते. तिच्या हजार माणसांच्या यादीबाहेरही खोल्या असतात, त्यांत गरोदर बायका आणि लस न घेतलेली मुले असतात. त्यांच्यासाठी तिला वेगळा वेळ दिलेला नसतो.

हे केवळ अनुमान नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवराचा उद्रेक झाला तेव्हा मुंबईतील गोवंडी, मालेगाव आणि भिवंडी ही नावे एकत्र आली. तिन्ही ठिकाणी दाट, फिरत्या कामगारांची वस्ती आहे. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना लशीच्या दोन मात्रा मिळाव्या लागतात. एवढे मोठे प्रमाण गाठायचे तर यादीबाहेरचे एखादे मूल सुटले तरी चालेल, असे म्हणता येत नाही. क्षयरोगाचे दुखणे याच जातीचे आहे. निदान येथे होते, औषधे सुरू होतात, दोन महिन्यांत बरे वाटू लागते, आणि माणूस होळीला किंवा छठला गावी निघून जातो. उपचार किमान सहा महिने चालायला हवा असतो. डॉक्टरांनी २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे सक्तीचे आहे, त्यामुळे निदान झालेला रुग्ण कागदावर येतो. त्याच्यासोबत गोळ्या दुसऱ्या जिल्ह्यात पोचवण्याचे काम मात्र अजून फोनवरच्या चिकाटीवर चालते.

वेळेचा मुद्दा मला इमारतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. उपकेंद्र दिवसा उघडे असते, प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण तपासणी सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ. रोजावर काम करणाऱ्याने त्या वेळी रांग धरली तर मजुरी गेली. राज्याने मे २०२३ मध्ये ‘आपला दवाखाना’ ही योजना विस्तारताना दुपारी दोन ते रात्री दहा अशी वेळ ठेवली, त्यामागचे तत्त्व बरोबर आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या कामगारालाही त्या तत्त्वाची तेवढीच गरज आहे.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण मिळू शकते आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तिचे रुग्णालयही आहे. पण एकाच गोदामातली माणसे तीन कंत्राटदारांकडे विभागली की प्रत्येकाचा आकडा नऊवर थांबतो. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच देशात वेगळा ठरणारा कायदा केला. त्याच्या मंडळाकडे नोंद असलेला आणि नसलेला हमाल एकाच फलाटावर एकच खोके उचलतो. जायबंदी झाल्यावर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मालाच्या हिशेबाने वाढणारा धोका

गोदामात काय आहे, हे रस्त्यावरून कळत नाही. कपड्याचे गठ्ठे, चपला, मोबाइलचे सुटे भाग, खाद्यतेल, सौंदर्यप्रसाधने, फर्निचर, भंगार आणि रसायने एकाच कंपाउंडमध्ये शेजारी शेजारी असू शकतात. यांतले बरेचसे कायद्याने घातक नाही, पण पेटल्यावर घातकच ठरते. थर्माकोल, फोम, प्लास्टिक यांतून निघणारा काळा धूर ज्वाळेच्या कितीतरी आधी माणूस पाडतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोविडनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी झाले, पण ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्ताला प्राणवायूने भरलेले रक्त समजते. धुरातून बाहेर काढलेल्या माणसाचा आकडा ९८ दाखवला म्हणून त्याला घरी पाठवणे जीवघेणे ठरू शकते. साध्या हवेत हा वायू रक्तात अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणजे आकडा काहीही असो, प्राणवायू लगेच लावणे हाच उपचार. उपकेंद्रात भरलेला सिलिंडर आणि मुखवटा असणे हे अशा गावात खाटांच्या संख्येपेक्षा मोलाचे साधन आहे.

लोखंडी सांगाड्याच्या गोदामांविषयी आणखी एक गैरसमज असतो: लोखंड जळत नाही, म्हणून इमारत सुरक्षित. लोखंड जळत नाही हे खरे, पण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि गोदामातली आग हे तापमान लवकर गाठते. मग छप्पर खचते, पत्रे आगीवर पडतात आणि खालच्या आगीपर्यंत पाणी पोचत नाही. गोदामांच्या आगी दोन-दोन दिवस धुमसतात त्याचे हे एक कारण.

आता कायद्याने घातक ठरलेल्या मालाकडे वळू. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात ज्वलनबिंदूनुसार वर्ग आहेत. २३ अंशांखाली ज्याची वाफ पेट घेते तो ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ अंशांचा ‘ब’ वर्ग. ‘ब’ वर्गाचा द्रव एका ठिकाणी अडीच हजार लिटरपर्यंत, आणि कोणत्याही एका भांड्यात हजार लिटरपेक्षा जास्त नसेल तर, परवान्याविना ठेवता येतो. परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मर्यादा शहाणपणाने घातलेली आहे, पण ती एका जागेला धरून आहे. कंपाउंडमध्ये दहा गाळे दहा भाडेकरूंच्या नावावर असतील आणि प्रत्येकाकडे मर्यादेच्या आत थिनर किंवा सॉल्व्हेंट असेल, तर कायदा दहा निरुपद्रवी साठे पाहतो. आगीला मधली भिंत आणि भाडेकरार दिसत नाहीत. तिच्या लेखी तो पंचवीस हजार लिटरपर्यंतचा एकच साठा. घातक रसायनांच्या साठवणुकीविषयीचे १९८९ चे नियमही प्रमाणाच्या उंबरठ्यावर चालतात. मोठ्या कारखान्याला ते बरोबर पकडतात. गाळ्यांत वाटलेला साठा त्यांच्या हातून निसटतो.

कारखाने कायद्याचेही तसेच. १९४८ चा कायदा असो की त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता, तपासणीचा भर उत्पादनाच्या जागेवर आहे. जेथे काहीच तयार होत नाही, फक्त माल येतो आणि जातो, तेथे औद्योगिक सुरक्षेच्या निरीक्षकाचे पाय सहसा वळत नाहीत.

माहितीअभावी काय होते याची दोन उदाहरणे पुरेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ हे जहाज फुटले. त्यावर कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटके एकत्र होती, आणि धोक्याचा लाल झेंडा लावलेला नव्हता. आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाचे ६६ जण मेले. आजही तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. दुसरे उदाहरण १२ ऑगस्ट २०१५ चे, चीनमधील त्यानजिन बंदराचे. तेही गोदामच होते, वाहतूक कंपनीचे. तेथे मेलेल्या १७३ जणांत बहुसंख्य अग्निशामक होते. आत नेमके काय साठवले आहे हे त्यांना कोणी धड सांगितले नव्हते. सात दशकांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत माणसे, पाणी, बंब सारे होते. फक्त यादी नव्हती.

आणि घरे? भिवंडी तालुक्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे ही रचना नवी नाही. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे अशीच तीन मजली इमारत कोसळली आणि आठ जण दगावले. ठाणे महापालिकेचे आपत्ती प्रतिसाद दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी ढिगाऱ्यातून माणसे जिवंतही काढली. त्या दलांच्या कौशल्याविषयी शंका नाही. पण तळमजल्यावर किती वजन आहे आणि वर किती माणसे राहतात, हे इमारत उभी असताना पाहणे कोणाचे काम होते, या प्रश्नाचे एकच एक उत्तर आजही देता येत नाही.

जबाबदारीची वाटणी

याचे कारण राहनाळवर चालणाऱ्या कारभाराच्या नकाशात आहे. आरोग्य जिल्हा परिषदेकडे. बांधकाम परवानगी महानगर प्राधिकरणाकडे. घरपट्टी ग्रामपंचायतीकडे. पोलीस ठाणे नारपोली, म्हणजे ठाणे शहर आयुक्तालयाचे. वीजवितरण २००७ पासून टोरंट या फ्रँचायझीकडे. आगीचा बंब भिवंडी-निजामपूर महापालिकेचा, कारण ग्रामपंचायतीला स्वतःचे अग्निशमन दल नसते. आग मोठी झाली की ठाणे, कल्याणहून बंब येतात. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट असावे लागतात, पैकी जिल्हा गटाचे प्रमुख जिल्हाधिकारी.

यात कोणी कामचुकार आहे असे म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता बरोबर असतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायला लावले आहे. तरतूद चांगली आहे. पण ते प्रमाणपत्र ज्या कार्यालयात जाते तेथे आशा कार्यकर्ती, सरपंच किंवा शाळेचे मुख्याध्यापक कधी जात नाहीत. आग लागल्यावर पहिल्या वीस मिनिटांत तेथे असतात ती हीच माणसे.

वीस मिनिटे का, तेही पाहू. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती खरोखर उपयोगी ठरली आहे. ११२ वर पोलीस येतात. पण अंजूर फाट्यावर संध्याकाळी कंटेनर अडकले की बंब आणि रुग्णवाहिका दोन्ही त्याच रांगेत उभे राहतात. रस्त्यात मेट्रोच्या पाचव्या मार्गिकेचे खांब उभे राहिले. मार्गिकेच्या नकाशात काल्हेर, पूर्णा, अंजूर फाटा ही स्थानके आहेत. प्रवाशांची सोय पुढे होईलही. रुग्णवाहिका काही मेट्रोने येत नाही. म्हणून पहिल्या वीस मिनिटांचे साधन गावातच असावे लागते.

गावात काय करता येते

बाहेरून साधने मागण्याआधी हाती असलेल्या एका साधनाचा विचार करावा. प्रत्येक ग्रामपंचायतीत नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही असते. गोदाम कोणाचे, लांबी-रुंदी किती, भोगवटादार कोण हे त्यात लिहिलेले असते, कारण त्यावर घरपट्टी ठरते. ज्या दप्तरावरून गावाला पैसा मिळतो त्याच दप्तराला जोडून सुरक्षेचे एक पान ठेवायला काहीच आडकाठी नाही: कोणत्या प्रकारचा माल, द्रव असेल तर अंदाजे किती, रात्री आत किती माणसे झोपतात, चावी कोणाकडे, त्याचा फोन. ग्रामपंचायतीला घातक मालाचा परवाना देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नाही. विचारण्याचा आणि लिहून ठेवण्याचा आहे. हे पान दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैच्या त्याच फेरीत, ताजे करून त्याची प्रत भिवंडीचे अग्निशमन केंद्र, नारपोली पोलीस ठाणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना द्यावी. बंब निघतानाच चालकाला कळेल की पाणी न्यायचे की फेस. पेटत्या द्रवावर नुसते पाणी मारले तर द्रव पाण्यावर तरंगत पसरतो आणि आग गटारातून पुढच्या गाळ्यापर्यंत जाते.

काही गोदामवाले खोटे सांगतील. सांगू देत. लिहून दिलेले खोटे पुढे न्यायालयात उभे करता येते, न विचारलेले करता येत नाही.

दुसरे साधन माणसांचे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुधा निरक्षर, बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन जे दाखवून दिले ते दुष्काळी गावापुरते नव्हते. नेमके तेवढेच शिकवले तर सामान्य माणूस वैद्यकाची पहिली पायरी सांभाळतो, हा त्याचा गाभा. येथे शिकवायचे ते वेगळे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नाही, आणि गंभीर भाजल्यास ऐरोलीच्या बर्न्स केंद्रासारख्या ठिकाणी हलवण्याची सोय आधी ठरवलेली. धुरातून बाहेर आलेल्या प्रत्येकाला प्राणवायू. वास आला तर वाऱ्याच्या दिशेने किंवा तिच्या उलट धावण्याऐवजी वाऱ्याला आडवे जाणे. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून असतो, हिवाळ्यात दिशा बदलते, म्हणून शाळेच्या गच्चीवर एक फडके बांधलेली काठी लावली तरी पुरे. टँकरच्या पाठीवरच्या धोकाफलकावरचा चार आकडी क्रमांक वाचून फोनवर सांगणे. भोपाळमध्ये १९८४ साली लोक वायूबरोबरच धावत राहिले, ओला कपडा नाकाला धरा एवढेही त्यांना वेळेत कोणी सांगितले नव्हते.

आशा, अंगणवाडी सेविका, शाळेतले शिक्षक आणि प्रत्येक कंपाउंडचा वॉचमन एवढ्यांना हे शिकवायला दोन दिवस पुरतात. वॉचमनला मी मुद्दाम यादीत घेतले. रात्री अडीच वाजता जागा असलेला तो एकटाच असतो, आणि कोणत्याही शासकीय प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव नसते.

पैशाचा प्रश्न येथे इतर गावांइतका बिकट नाही. गोदामांच्या घरपट्टीमुळे या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींचे स्वतःचे उत्पन्न निव्वळ शेतीच्या गावापेक्षा चांगले असते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला मिळणारा अबंधित निधी तुटपुंजा, वर्षाला दहा हजारांच्या घरातला, त्यावर विसंबू नये. पण अग्निशमनासाठी राखीव भूमिगत पाण्याची टाकी, उपकेंद्रातला प्राणवायू, संध्याकाळच्या दवाखान्यासाठी एक खोली, हे ग्रामनिधीच्या आवाक्यातले आहे. कोविडच्या काळात याच तालुक्यात सवाद येथे गोदामाच्या इमारतीत रुग्णालय उभे राहिले होते. इमारतींची येथे कधीच कमतरता नव्हती.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते, प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. राहनाळकरांनी आणि शेजारच्या गावांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय लेखी द्यावा: आपल्या हद्दीतल्या प्रत्येक गोदामात काय आहे, याची नोंद नमुना आठच्या दप्तराला जोडण्याबाबत. ठराव झाला तर त्याची प्रत तहसीलदार आणि महानगर प्राधिकरणाकडे पाठवावी. नाही झाला, तर विरोध कोणी केला हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.